कोठीमागचा खांब

भिंतीला ओल आली की मला आधी वास येतो, डाग नंतर दिसतो. परवा दुपारी जेवण करून आडवी झाले होते. भादव्यातली चिकट दुपार; पंखा फिरत होता, पण अंगाला वारा म्हणून लागत नव्हता. तेवढ्यात लोखंडी कपाटाच्या बाजूनं तो वास आला. भिजलेल्या चुन्याचा, जुन्या वहीचा, थोडा उंदराचाही. मी डोळे न उघडताच ओळखलं. चौथा मजला, सिमेंटची इमारत, खाली वॉचमन बसतो, जिन्याला चकचकीत फरशी. तरी आलीच बया शोधत शोधत.

विनूला, माझ्या मुलाला, फोन लावला. तो नोकरीच्या सोयीनं वाळूजकडं राहतो. म्हणाला, "आई, तू कशाला हात लावू नकोस. माझ्या ओळखीचा माणूस आहे, तो भिंत खरवडून केमिकल मारून देतो. एकदा मारलं की दहा वर्षं बघायला नको." मी बरं म्हणून फोन ठेवला. दहा वर्षं बघायला नको, हे वाक्य मला पाठ आहे. विनू रांगत होता तेव्हा मीच ते म्हटलं होतं, आणि त्याचं पुढं काय झालं ते एका पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलं.

खरं सांगायचं तर आता कशाचंच काही वाटत नाही. पाणी येतं, ओल धरते, माणसं येतात, ठोकतात, जातात. या वयात भिंतीशी भांडायला अंगात जोर नाही. पण त्या वासानं काम केलं. झोप गेली ती गेलीच, आणि मी पडल्या पडल्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

ते घर शहागंजच्या मागच्या एका गल्लीत होतं. वाडाबिडा नव्हे. तीन खोल्या, पुढं हातभर अंगण, वर माळवद, म्हणजे लाकडावर माती थापून केलेलं सपाट छप्पर. माझ्या सासऱ्यांनी ते पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन-तीन वर्षांनी बांधलं. कुणाचं तरी जुनं घर पाडत होते, तिथले सागवानी खांब आणि तुळया त्यांनी बैलगाडीतून आणल्या. पश्चिमेच्या भिंतीत असे तीन खांब होते. एक दाराजवळ, एक मधोमध, एक कोपऱ्यात. त्यांच्यावर तुळई, तुळईवर माळवद. खांबांच्या मधल्या जागेत कच्च्या विटा आणि माती. बघणाऱ्याला नुसती मातीची भिंत दिसायची, खांब आत लपलेले. भिंत पडली तर पुन्हा घालता येते, खांब हलता कामा नये, असं सासरे म्हणायचे म्हणे. मी त्यांना पाहिलं नाही.

मी पाहिलं ते आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्यांचं माहेर वैजापूरकडचं, मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी भिंत म्हणून त्यांना माहीत नव्हती. कळप बसेल तिथं घोंगडी टाकायची, सकाळी उचलायची. लग्न होऊन शहरात आल्या तेव्हा पहिल्यांदा पाठ टेकायला भिंत मिळाली, असं त्या सांगायच्या. म्हणून असेल, भिंतीवर त्यांचा जीव होता. दर वैशाखात गाढवांवरून पांढरी माती यायची. तिच्यात भुसा आणि शेण कालवून ती आठ दिवस भिजत घालायची, रोज पायानं तुडवायची, आणि मग पश्चिमेची भिंत आतून-बाहेरून लिंपायची. लग्नानंतर पाच वर्षं मीही ते केलं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. वर्षभर पोरांपुढं घसा कोरडा करायचा आणि सुट्टी लागली की गुडघाभर चिखलात उभं राहायचं. कंबर जायची. नखांतली माती शाळा उघडली तरी निघत नसे, आणि फळ्यावर लिहिताना मला माझ्याच बोटांची लाज वाटायची.

म्हणून मी सिमेंट आणलं. माझ्या पगारातून, माझ्या हट्टानं. आमचे हे बसवर कंडक्टर होते, घरातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचं उत्तर एकच, "तुझ्या मनासारखं होऊ दे." आत्याबाई मात्र उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "भिंतीला घाम येतो गं मास्तरीण. ह्यो दगड थापल्यावर त्यो निघल कुठून?" मी हसले. वर्गात मी पोरांना पाण्याची वाफ कशी होते ते शिकवत होते, आणि मला त्यांचं बोलणं अडाणी वाटलं. गवंड्यानं आतून-बाहेरून गुळगुळीत गिलावा केला, वर मी पिस्ता रंग दिला. आता दहा वर्षं बघायला नको, असं आत्याबाईंना ऐकवलंसुद्धा. त्यांनी माती वाहायची पाटी धुऊन, उपडी करून ठेवून दिली. मग एकच मागणी केली, धान्याची लोखंडी कोठी त्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू द्या म्हणून. नव्या भिंतीची शोभा जाते म्हणून मी कुरकुरले, पण ठेवू दिली. वैशाखातलं त्यांचं काम मी काढून घेतलं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

त्या वर्षापासून सुट्टी लागली की मी विनूला घेऊन सोयगावला माहेरी जायला लागले. आठ-दहा दिवस निवांत. काय सुख होतं ते. आईच्या हातचं आयतं खायचं, दुपारी लोळायचं. परत यायचे तेव्हा घरात ओल्या मातीचा वास असायचा. अंगण सारवलं असेल म्हणून मी विचारलंही नाही. आत्याबाईंच्या नखांत माती दिसायची. "अजून मातीत खेळता का?" असं मी एकदा चिडवलं, तर त्या म्हणाल्या, "हाताला सवय हाय, दुसरं काय." आमच्या यांची कंबर हमखास धरलेली असायची. बसचे धक्के, म्हणायचे. मी रात्री कोमट तेल चोळून द्यायचे.

सहा-सात पावसाळे काही झालं नाही. मग तो पावसाळा आला. आषाढात रंगाला फोड आले. श्रावणात पोपडे पडायला लागले, मी ते केरात भरले आणि वर कॅलेंडर लावलं. श्रावण सरता सरता पश्चिमेचं दार लागेना. वरून अडकायचं. मी आठ दिवस बिजागऱ्यांना तेल घालत होते, दारच फुगलंय म्हणून. दार फुगलं नव्हतं, वरची तुळई खाली येत होती. एका सकाळी शाळेची घाई होती म्हणून मी दार जोरात ओढलं, तर चौकटीशेजारचा ताटाएवढा गिलावा माझ्या पायाशी पडला आणि आतला खांब दिसला. मी बोट लावलं. चहात बुडवलेल्या टोस्टासारखं लाकूड बोटाबरोबर निघून आलं.

करीम मिस्त्री आले. उतारवयाचे सुतार, चष्म्याची एक काडी नाही, तिथं दोरा. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत वाजवत एक फेरी मारली आणि बिडी विझवली. म्हणाले, "बाई, बाहर से दुल्हन, अंदर से टीबी." पावसाचं पाणी गिलाव्याच्या बारीक भेगांतून आत गेलं होतं आणि सिमेंटनं ते बाहेर येऊ दिलं नव्हतं. "मट्टी रहती तो सूख जाता था. तुमने दरवाजा बंद कर दिए उसका." दाराजवळचा खांब खालून कमरेपर्यंत कुजला होता. मधला त्याहून वाईट, त्यात मिस्त्रींचा हात मनगटापर्यंत गेला. त्यांनी तुळईखाली चार टेकू उभे केले आणि म्हणाले, "तिसरा अच्छा निकला तो उसपे भार देके ये दोनों का नीचे का हिस्सा काटके नया जोड देता. तिसरा भी गया तो मैं हात नै लगाता. पूरा घर उतारो."

पंधरा दिवस पाऊस थांबला नव्हता. टेकूंना दोरी बांधून तिच्यावर ओले कपडे वाळत घातले होते, ते वाळत नव्हते. खोलीभर लाकडाच्या बुरशीचा वास. तपासायच्या वह्या मी डोक्याशी घेऊन झोपायचे, भिजू नयेत म्हणून. माझ्या अंगात काही उरलं नव्हतं, आणि दोन खांब गेले तर तिसरा कसा राहील. मी मनाशी ठरवून टाकलं आणि सगळ्यांदेखत बोलूनही दाखवलं. घर उतरवायचं. आम्ही तिघं दोन भाड्याच्या खोल्यांत राहू. तिथं जागा नाही, तेव्हा आत्याबाई वैजापूरला धाकट्या दिरांकडं जातील, घर होईपर्यंत.

आत्याबाईंचं आणि धाकट्या जावेचं पटत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "जाते की. पर मला मग परत आणू नगा. घर सोडायचं त्ये एकदाच. दोनदा सोडाया बळ नाय माझ्यात." आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. दोन लुगडी आणि तपकिरीची डबी घेऊन गाठोडं बांधायला बसल्या.  नुसती गाठ मारत होत्या, सोडत होत्या, पुन्हा मारत होत्या.

दुपारी हे ड्युटीवरून आले. उंबऱ्यात बसून बूट काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिस्त्री, त्या कोठीमागचं एकदा बघून घ्या. मग ठरवू."

"त्यात काय बघायचंय," मी म्हटलं, "तेच सिमेंट, तोच पाऊस."

"बघून घेऊ," ते म्हणाले.

कोठीत वर्षाचा जोंधळा होता. मिस्त्री आणि त्यांचा गडी, दोघांनी पहार घालून ती सरकवली. दोघांना घाम फुटला. आणि मागं सिमेंट नव्हतंच. छातीएवढ्या उंचीपर्यंत, कोठीच्या रुंदीएवढा गिलावा कुणीतरी खुरप्यानं खरवडून काढला होता आणि तिथं मातीचं लिंपण होतं. कोरडं, पांढुरकं, त्यावर चार बोटांचे अर्धगोल फराटे. हे फराटे मी ओळखत होते. पाच वर्षं त्या हातांशेजारी मी लिंपलं होतं. मिस्त्रींनी थोडी माती काढून पटाशीनं खांबावर ठोकलं. खणखणीत आवाज आला. त्यांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा ठोकून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ये कोना किसने खुरचा? ये नै रहता तो छत आज तुम्हारे सिरपे थी."

 मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या गाठोड्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"मास्तरणीनंच," त्या म्हणाल्या. "सिमिट केलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी म्हणली, आत्याबाई, येवढा कोपरा तरी मातीचा ऱ्हाऊ द्या. म्या नुसतं हात फिरवले."

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "असं व्हय? बरं केलंस की."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही हो, मला काही माहीत नाही, हे सगळं आत्याबाईंनी केलंय, मी तर सोयगावला लोळत होते. एवढीच तीन वाक्यं. साठ पोरांपुढं दिवसभर बोलणारी बाई मी, पण माझ्या तोंडून निघालं ते, "चहा टाकते."

घर राहिलं. गाठोडं सुटलं. मिस्त्रींनी दोन्ही खांबांचा कुजका भाग कापला, खाली नवे दगड बसवले, वर सागाचे तुकडे इतके नेमके जोडले की सांध्यात नख जात नव्हतं. त्या वर्षी महालक्ष्म्या टेकूंच्या मध्येच बसवल्या. जेवायला आलेल्या बाया वाकून वाकून आत यायच्या. आणि मग भिंत लिंपायची वेळ आली. आत्याबाईंचे गुडघे आता चिखलात चालत नव्हते. त्या पाटावर बसल्या आणि मी शाळेतून आले की पातळ खोचून मातीत उतरायचे. ज्या कामातून सुटायला मी एवढा उपद्व्याप केला, तेच काम. पाय तसेच गार पडायचे, कंबर तशीच जायची. आत्याबाईंनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि माझ्यापुढंही धरली. "चाख. खारी लागली तर भिताडाला लोणा धरतो." मी चाखली. लहानपणी आम्ही पाटी जिभेनं पुसायचो, तशी चव होती. खारी नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. मी चिखलात उभी राहून विचारलं, "आत्याबाई, खोटं का बोललात?"

"तुला हितं अजून लई वर्सं ऱ्हायचंय," त्या म्हणाल्या. "मला काय. तुडव नीट, गाठी ऱ्हायल्यात."

मी गाठी तुडवायला लागले.

नंतर जे झालं ते जास्त अवघड होतं. आमच्या यांनी ती गोष्ट धरून ठेवली. पाहुणे आले की, डेपोतले सोबती आले की, लग्नाच्या पंगतीत सुद्धा, "आमच्या मास्तरणीनं घर वाचवलं. माझ्या भरवशावर असतं तर अख्खी भिंत सिमेंटात कुजली असती." स्वतःवर घ्यायचे वर. मी पदर नीट करायचे, भाजीत मीठ बघायला उठायचे. आत्याबाई समोर असल्या तर तपकीर ओढून मान हलवायच्या. त्या गेल्या, त्यांच्या तेराव्याला मी सांगणार होते. माणसं फार होती, राहिलं. यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात एका संध्याकाळी पुन्हा तोंडाशी आलं. मग वाटलं, भोळा माणूस आहे, आयुष्यभर एका गोष्टीचं कौतुक करत आला, ते तेवढं तरी कशाला काढून घ्यायचं. बावीस वर्षं मी त्यांच्याशी खोटं वागले, आणि ते गेल्यावर मला त्याचं ओझं वाटायचं थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. नुसतं जुनं झालं. घर विकलं, गल्ली सुटली, मी इथं चौथ्या मजल्यावर आले, तरी भादवा लागला की ती खोली, ते टेकू, आणि "बरं केलंस की" हे शब्द येतातच.

काल सकाळी विनूचा फोन आला. तो माणूस उद्या अकरा वाजता येणार, तेवढं कपाट बाजूला सरकवून ठेव. ठेवते म्हटलं. कपाटात काय, माझी पातळं, यांची जुनी कागदपत्रं, चार पितळेची भांडी. मी हातानं ढकललं. मग खांदा लावला. मग पाठ लावून, पाय पलंगाला टेकवून जोर केला. बोटभरसुद्धा हललं नाही. दम लागला म्हणून मी तिथंच कपाटाला टेकून फरशीवर बसले, आणि बसल्या जागी मला ती कोठी आठवली.

जोंधळ्यानं भरलेली कोठी. मिस्त्री आणि गडी, दोन बाप्यांना घाम फुटला होता. आत्याबाई तेव्हा साठीच्या पुढं, गुडघे असे की जमिनीवरून उठताना भिंतीला धरायच्या. दर वैशाखात ती कोठी भिंतीपासून लांब जात होती, मागं लिंपण होत होतं, आणि मी सोयगावहून यायच्या आत पुन्हा जागेवर येत होती. मी आणि विनू माहेरी. घरात उरायची दोनच माणसं. दर वर्षी कंबर कुणाची धरायची? मी कुणाला तेल चोळत होते? आणि मिस्त्रींना कोठीमागं बघा म्हणून सांगितलं कुणी?

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून सगळं माहीत होतं. त्यांच्या आईनं माझी लाज राखली तेव्हा त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही, आणि पुढं बावीस वर्षं जिथं जातील तिथं ती राखत राहिले. आणि मी त्यांना भोळं समजत होते. मला रडू आलं. पुष्कळ दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळं लवकर थांबलंही नाही. ज्यांना विचारायचं ती दोघंही नाहीत; खरं म्हणजे विचारायचं काही राहिलंच नाही, नुसतं एकदा सांगायचं होतं की मला कळलंय.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. पाठीला कपाटाच्या पत्र्याचा गारवा लागत होता. उशाशी ठेवलेला फोन वाजला, तो हात लांब करून घेतला.

"आई, सरकवलंस का कपाट?" विनूनं विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं. "एकटीनं नाही सरकत. दोघं लागतात."